राष्ट्रपती सारजाची सही

मुलांनो, आधी एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या देशाचाच, पण भिंतीवर टांगलेला नव्हे. शाळेच्या मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणाच्या आत, जमिनीवर आखलेला आणि भाज्यांनी भरलेला. राजस्थानपासून मध्य प्रदेशापर्यंत मेथी, महाराष्ट्रात कोथिंबीर, बंगालच्या बाजूला तांबडा माठ आणि खाली केरळात पालक. हिमालय म्हणून चुना फासलेले धोंडे रचलेत. समुद्रासाठी वाळूत नीळ कालवून ती पसरली आहे. दिसला?

आता कुंपणाच्या फाटकाशी एक मेंढा उभा करा. साधासुधा नको. शिंगं मागे वळून पुन्हा गालापर्यंत आलेली, कपाळाला भंडारा, गळ्यात घुंगरू. तो तुमच्याकडे बघतो आहे आणि फाटकाची कडी तुमच्या हाताशी आहे. काय कराल? उत्तराची घाई करू नका. ही गोष्ट ज्या मुलीची आहे, तिलाही त्याचं उत्तर लगेच सापडलं नव्हतं.

तिचं नाव सारजा. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापासून आत चालत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या शाळेत ती सातवीत होती. तिचे वडील बिरदेव मेंढरं राखत. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून ते कोकणाकडे निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. सारजाही बरोबर जाई. त्यामुळे तिचं निम्मं वर्ष शाळेत आणि निम्मं मेंढरांमागे.

साल होतं १९९७. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि दिल्लीत नव्या राष्ट्रपतींनी नुकतीच शपथ घेतली होती. रामहरी गुरुजींनी ती बातमी फळ्यावर लिहिली आणि तिथंच त्यांना कल्पना सुचली. शाळेत मंत्रिमंडळ दर वर्षी असे, या वर्षी राष्ट्रपतीही असावा. पंतप्रधान सुयोग झाला. तो वर्गातला सगळ्यात शिस्तीचा मुलगा, वहीला कव्हर नसलं तर स्वतःवरच रागावणारा. राष्ट्रपती कोण करायचं, यावर गुरुजींनी थोडा विचार केला आणि सारजाकडे बोट दाखवलं. दिवाळीनंतर ती नसणारच. आरोग्यमंत्री गैरहजर राहिला तर पाण्याचा रांजण कोण धुणार, पण राष्ट्रपती नसले तर वाडीच्या शाळेचं काय अडणार होतं?

वर्ग हसला. सारजाही हसली. पुठ्ठ्याचा बिल्ला छातीला लावून घेताना मात्र तिनं विचारलं, "पर गुरुजी, राष्ट्रपती करतो काय?"

रामहरी गुरुजींना प्रश्न विचारला की ते घंटा होईपर्यंत थांबत नसत. त्यांनी सांगितलं की बहुतेक कामं राष्ट्रपतींच्या नावानं होतात, पण ठरवतं मंत्रिमंडळ. त्यातलं एक काम फार मोठं आहे. न्यायालयानं दोषी ठरवलेल्या माणसाची शिक्षा राष्ट्रपती माफ करू शकतात, कमी करू शकतात, काही काळ थांबवू शकतात, कडक शिक्षेच्या जागी सौम्य शिक्षा देऊ शकतात. फाशीची शिक्षासुद्धा.

वर्गातून प्रश्नांचा पाऊस पडला. गणितात नापास झालेल्याला माफी मिळते का? नाही, नापास होणं हा गुन्हा नाही. खटला चालायच्या आधीच माफी मागून ठेवता येते का? नाही, आधी दोषी ठरावं लागतं. सगळ्याच शिक्षा राष्ट्रपतींकडे जातात का? नाही, राज्याच्या कायद्याखालच्या बऱ्याचशा राज्यपालांकडे. सारजाचा प्रश्न शेवटचा होता. राष्ट्रपतींच्या मनात आलं म्हणून माफी देता येते का?

"मनात आलं म्हणून नाही," गुरुजी म्हणाले. "मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो. पटला नाही तर एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र सही करावी लागते."

"मंग माफी राष्ट्रपतीची कशी? पंतप्रधानाचीच झाली की."

गुरुजी काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली. त्या दिवशी त्यांना घंटेचं बरं वाटलं असावं.

आता त्या मेंढ्याकडे येऊ. मेंढपाळ त्याला एडका म्हणतात. एका वर्षी बिरदेवांच्या कळपात रोग शिरला. तो थांबला, तेव्हा त्यांनी आपला सगळ्यात देखणा एडका बिरोबाच्या नावानं सोडला. असा सोडलेला एडका कोणी कापत नाही, विकत नाही, बांधून ठेवत नाही. तो वाडीभर हिंडतो. बिरदेवांच्या घरची आणखी एक रीत होती. हा एडका दाराशी येऊन उभा राहिला तर त्याला रिकाम्या तोंडी परत लावायचं नाही. भाकरीचा तुकडा असो की एखादं पान, आधी घास द्यायचा, मग हवं तर हाकलायचं.

वाडीतल्या माळ्यांकडे ही रीत नव्हती. त्यांच्या वांग्या-टोमॅटोंना एडक्याचं देवपण परवडणारं नव्हतं. पण सोपान माळ्यांची संजीवनी ही सारजाची जिवाभावाची मैत्रीण, आणि सारजानं तिला ती रीत शिकवली होती. एक पान दिलं की तो गुमान जातो, असं सांगितलं होतं. ते खरंही होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी परसबागेची पाळी संजीवनीची होती. पाणी घालून ती बाहेर पडत होती, तर फाटकात एडका. तिनं परत आत जाऊन मेथीची काडी खुडली, त्याला भरवली, फाटक ओढलं आणि तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. ती पळाली. फाटकाला कडी लागलीच नाही.

प्रार्थना संपवून मुलं मागे आली तेव्हा एडका गुजरातेतून शिरून राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार करत बंगालात पोचला होता. महाराष्ट्राची नुसती देठं उरली होती. समुद्रात खुरांचे ठसे होते आणि खाली एका कोपऱ्यात केरळ तेवढा हिरवागार वाचला होता.

तुम्हाला हसू आलं ना? शाळेतल्या मुलांनाही आलं. सुयोगला आलं नाही. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि हापशावरून बादल्या भरून तो नकाशा त्यानंच जगवला होता. त्याच्या तळहातांना फोड आले होते. पंधरा ऑगस्टला सगळी वाडी नकाशा बघायला येणार होती. त्यानं दुपारीच मंत्रिमंडळ बसवलं. संजीवनीनं एडक्याला जाणूनबुजून आत घेतलं, असा निकाल झाला आणि तिला खो-खोच्या संघातून काढण्याची शिक्षा ठरली.

ही शिक्षा केवढी होती, ते सारजाला माहीत होतं. वाडीची शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या वर्गांसाठी इंदापूरला जायचं, तर राहायची सोय हवी, नाही तर मुलींचं शिक्षण तिथंच संपायचं. इंदापूरच्या एका शाळेत खेळणाऱ्या मुलींना वसतिगृहात घेत, आणि तिथले खेळाचे शिक्षक पुढच्या आठवड्यात इंदापुरातच होणारे तालुक्याचे सामने बघायला येणार होते. संजीवनी वांग्याच्या सऱ्यांमधून नागमोडी पळत वाढलेली मुलगी. ती पळायला उतरली की समोरच्या संघाला घाम फुटे. पण तिला खेळताना कोणी बघितलंच नाही, तर घेणार कोण?

दयेचा अर्ज करता येतो, हे गुरुजींनीच तिला सांगितलं. तिनं तो केला. कडी विसरले, मुद्दाम केलं नाही, एवढंच लिहिलं. सुयोगनं त्यावर 'दया करू नये' असा सल्ला लिहून कागद सारजापुढे ठेवला. सारजानं 'फेरविचार व्हावा' असं लिहून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुयोग तोच कागद घेऊन आला. सल्लाही तोच होता.

"कर सही."

"न्हाय करत."

"दुसऱ्यांदा आला की करावीच लागती. गुरुजींनी सांगितलंय."

"करावी लागती, व्हय. कधी करावी लागती, ते कुठं सांगितलंय?" सारजानं कागदाची घडी केली आणि दप्तरात टाकली.

सुयोग तरातरा गुरुजींकडे गेला. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. घटनेत मुदत दिलेली नाही, असं त्यांनी कबूल केलं. आणि दयेच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा अंमलात आणू नये, हेही त्यांनाच सांगावं लागलं. एका शब्दानं ते सगळा खेळ मोडू शकले असते. पण आपणच शिकवलेलं आपल्याला अडचणीचं झालं म्हणून मोडायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

झालं, वाडीच्या शाळेचं राज्य अडलं. सुयोग रोज येऊन विचारी आणि रोज रिकाम्या हातानं परत जाई. एकदा त्यानं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "दिवाळीला कोकणात गेलीस म्हंजे काय मेंढरं सही करतील?"

"करतील की," सारजा म्हणाली. "तुझ्यापरीस बरी अक्कल हाय त्यास्नी."

राष्ट्रपतीला काही काम नसतं म्हणणारे आता तिच्या दप्तराकडे बघत होते. सारजाला वाटलं, आपण जिंकलो. सामन्यांच्या दिवसापर्यंत कागद दप्तरात ठेवायचा की काम झालं.

पण मैदानावर काही तरी बिनसलं होतं. नेहमी साऱ्या संघाला पळवून दमवणारी संजीवनी सरावात लगेच बाद होऊ लागली. शाळा सुटल्यावर कालव्याच्या कडेनं घरी जाताना सारजानं तिला विचारलं. संजीवनीनं पायानं एक खडा पाण्यात लोटला आणि मग म्हणाली, "सारजे, रोज सकाळी उठले की वाटतं, आज सही झाली तर? पळताना मागं गडी नसतो गं, तुझा कागद असतो."

"मी करणार न्हाय म्हटलं ना."

"तुजा भरवसा हाय. पर असं लोंबकळत ठिवण्यापरीस एकदाची शिक्षा दिलेली बरी."

त्या संध्याकाळी सारजा वाड्यावर, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या काटेरी कुंपणाशी, वडिलांना हातभार लावायला गेली. बिरदेव लंगडणाऱ्या कोकराच्या खुरातला काटा काढत होते. तिनं सगळी हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले, पण राष्ट्रपती आणि मंत्रिमंडळ त्यांच्या फारसं ध्यानात आलं नसावं. शेवटी तिनं वेगळंच विचारलं. एडका देवाला सोडला तेव्हा नक्की काय केलंत?

"गळ्यातली दोरी काढली," बिरदेव म्हणाले. "दोरी गळ्यातच ठिवायची आन् सोडला म्हणायचं, त्याला सोडणं म्हणत न्हाईत, बाई."

सारजानं काटा निघेपर्यंत कोकराचं डोकं धरून ठेवलं. दप्तरातला कागद म्हणजे दोरीच होती. संजीवनीच्या गळ्यातली, आणि टोक आपल्या हातात. आणखी एक गोष्ट तिला टोचू लागली. घास द्यायची रीत संजीवनीला कोणी शिकवली होती? मग चौकशी झाली तेव्हा हे कोणी सांगितलं? राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसत नाहीत म्हणून सारजा बाहेर होती, आणि बाहेर राहणं तिला सोयीचंही पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ लिंबाखाली बसलं होतं. गुरुजी बाजूला खुर्चीवर, संजीवनी शाळेच्या पायरीशी उभी. सारजा न बोलावता त्यांच्यात शिरली आणि तिनं गुरुजींना विचारलं, राष्ट्रपतींवर खटला चालतो का? गुरुजी म्हणाले, पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालवता येत नाही.

सारजानं छातीवरचा बिल्ला काढून सुयोगपुढे ठेवला. त्याच्यावर कागद ठेवला. सहीची जागा कोरीच होती.

"ही सही मी करणार न्हाय. आज न्हाय आन् दिवाळीलाबी न्हाय. राष्ट्रपतीनं करावीच लागत आसंल, तर मी राष्ट्रपती न्हाय."

आणि ती वळून परसबागेकडे चालू लागली. तिच्यामागे सगळे निघाले. फाटकाशी एडका होताच. केरळ अजून उरला आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं आणि रोज तो तिथं येऊन खात्री करून घेत असे. सारजानं कडी काढली, आत गेली, पालकाचं एक पान खुडलं, बाहेर आली आणि कडी लावली. पान एडक्याला दिलं. त्यानं ते चावलं, घुंगरू वाजवलं आणि ओढ्याकडे चालता झाला.

"आता माझा खटला चालवा," सारजा म्हणाली. "एडक्याला जाणूनबुजून घास दिला. समद्यांनी बघितलंय. संजीला हे मीच शिकवलं, हेबी लिवा."

राजनंदिनी म्हणून एक मुलगी होती, तिला नावापुरतं उपराष्ट्रपती केलं होतं. ती म्हणाली की सारजानं तर कडी लावली, नुकसान कुठं झालं?

"त्येच म्हणते मी. गुन्हा घासाचा हाय का कडीचा? निकालात तुमी लिवलंय, एडक्याला जाणूनबुजून आत घेतलं. ती कुठं घेऊन गेली त्याला आत? कडी ऱ्हायली तिची."

सुयोग संजीवनीकडे वळला. त्यानं पहिल्यांदाच तिला सरळ विचारलं, तू कडी विसरलीस?

"व्हय, विसरले. तुझ्या हाताला फोड आल्यालं मला ठाव हाय, सुयोग, त्याचं वाईट वाटतं. पर घास दिला, त्यो काय विसरून न्हाय दिला. परत दारात आला तर परत दीन."

मंत्रिमंडळ पुन्हा लिंबाखाली बसलं. या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू येत होते. अन्नमंत्री म्हणत होता, कडीच्या चुकीला खो-खोची शिक्षा म्हणजे भलतंच. क्रीडामंत्री म्हणत होती, संजीवनीशिवाय इंदापूरला जायचं तर एसटीचे धक्के खायचे कशाला? सुयोग सगळ्यात शेवटी बोलला. त्यानं निकालातली 'जाणूनबुजून' ही अक्षरं स्वतःच्या हातानं खोडली. शिक्षेचं स्वरूप बदलावं, असा सल्ला लिहिला. संजीवनीनं सामन्यांना जावं. पण नकाशा पुन्हा पेरावा, पंधरा ऑगस्टला मेथीचे कोंब दिसले तरी चालतील. आणि हापशाचं पाणी तिनंच आणावं.

"आन् तूबी," तो सारजाला म्हणाला. "एक पान का आसंना, केरळातलं व्हतं. इचारून तोडलं न्हाईस."

"बराबर हाय," सारजा म्हणाली.

रामहरी गुरुजींचे डोळे चमकत होते. त्यांनी बिल्ला उचलला, त्यावरची धूळ फुंकली आणि सारजापुढे धरला. राजीनामा लेखी द्यावा लागतो, तो अजून दिलेला नाही, असं ते म्हणाले. शिवाय सल्ला बदलला तरी राष्ट्रपतींच्या सहीशिवाय शिक्षा बदलत नाही. सही तिचीच लागणार होती, आणि आता ती आनंदानं करता येण्यासारखी होती.

सारजानं कागद वाचला. खाली दोन नावं होती, संजीवनीचं आणि तिचं स्वतःचं.

"गुरुजी, राष्ट्रपतीला स्वताच्या शिक्षेवर सही करता येती? स्वतालाच माफी देता येती?"

गुरुजींनी पुन्हा चष्मा काढला. या प्रश्नावर घटनेत सरळ असं काही लिहिलेलं नाही आणि आपल्यालाही खात्रीनं सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मुलांनी गुरुजींच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग शिक्षा भोगून झाल्याबिगर मला बिल्ला नगं," सारजा म्हणाली. तिनं तो गुरुजींच्या हातातून घेतला, राजनंदिनीच्या छातीला लावला आणि पेन तिच्या हातात दिलं. राजनंदिनीनं जागच्या जागी, गुडघ्यावर कागद धरून, सही केली. संजीवनी उभी होती तिथंच खाली बसली आणि ओढणीत तोंड लपवून हसू लागली.

सारजा मात्र थांबली नाही. तिनं ओसरीवरून सुयोगची बादली उचलली, हापशावर जाऊन भरली आणि परसबागेत शिरली. शिरल्यावर आधी मागे वळली, फाटकाला कडी घातली आणि ती नीट बसली का, हे हलवून पाहिलं.